भेगेचं वय

दस्तगीर बागवान ॲल्युमिनियम किलोनं घेतो, किलोनं विकतो.
लक्ष्मीपुरीत, रविवारी, बोळाच्या तोंडाशी
पोचे पडलेली पातेली, कुकरची झाकणं
आणि तेलाच्या एका डब्यात
एक पैसा, एक पैसा, एक पैसा.
चौकोनी, कोपरे गोल,
फरशीवर टाकला तर धड वाजतही नाही.

"आलासा?" म्हणतो,
आणि बसायला घमेलं पालथं घालतो.

मी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावतो.
साल बघतो. सालाखालची चांदणी बघतो.
मग आकड्याच्या पायथ्याशी
केसाएवढी रेघ.
नसली की डब्यात परत.
डबा सोमवारी भट्टीत जातो.

घरी काड्यापेटीत माझ्याकडे पाच आहेत,
एकाच ठशाखालून गेलेले.
कशावरून? पाचही चांदण्यांचं डावं टोक बोथट आहे.
पहिल्यावर रेघ उगवते आणि तिथंच थांबते.
दुसऱ्यावर मोकळ्या जागेत येते.
तिसऱ्यावर जरा वाकते,
चौथ्यावर सालातल्या सातला चाटून जाते,
आणि शेवटच्यावर एकदम काठाशी पोचलेली,
तिथं धातू फुगून वर आलाय
तव्यावरच्या भाकरीसारखा.
चौथा आणि शेवटचा, यांच्या मधलं काही नाही.
ठसा तडकत होता
आणि यंत्र चालूच होतं
तेव्हाचा एखादा तास माझ्याकडे नाही.

शीतल चौगुले म्हणतो, संच पुरा कर,
पुण्याचं गिऱ्हाईक लावून देतो.
तो 'खोटी नाणी' म्हणतो त्यांना, गमतीनं.
खोटी नव्हेत. चुकलेली आहेत.
एवढा फरक
ज्यानं ठसा कोरलाय त्यालाच कळतो.

मी कोरलेत. एकतीस वर्षं, उद्यमनगरात,
हुपरीच्या पैंजणांसाठी:
आंबा, पाकळी, शेवंतीचं फूल, पुन्हा पाकळी.
आप्पासो लोहार शिकवायचे,
"ठशाला भेग पडली की ती खाली जाती,
मालावर मात्र वर येती.
आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर उंच दिसती, ध्यानात ठेव."
एका दिवाळीला माझा पाकळीचा ठसा तडकला.
मालक म्हणाले, चालू दे, सणाचं दिवस हायत.
चार दिवस चालू दिला.
मी काही बोललो नाही.
चांदी गेली, वजन झालं, पैसे आले.
त्यानंतर वर्षभर महाद्वार रोडनं जाताना
मी बायकांच्या पायांकडे बघायचं टाळलं.
लोकांना वाटलं, माणूस सभ्य आहे.

या रविवारी दस्तगीरनं डबा पुढं केलाच नाही.
त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय,
नोटासुद्धा आता नातू मोजतो.
बंडीच्या खिशातनं त्यानं कागदाची पुडी काढली.
"ह्ये बघा तुमचं हाय का.
अंगठ्याला लागलं."

भिंगाखाली धरला.
सातला ओलांडून रेघ पुढं गेलेली,
काठाच्या अलीकडं, गव्हाएवढं अंतर सोडून,
थांबलेली.
"किती द्यायचं?"
"वजनात बसत न्हाई त्ये," म्हणाला. "च्या सांगा दोन."

रात्री सहा पैसे ओळीनं मांडले, दिवा घालवला,
आणि त्याच्यासारखा अंगठा फिरवून बघितला.
एक. दोन. तीनला जरासं. चार.
अंधारात भेग वाढत गेली.

मालिनी शेजारी पाय चोळत बसली होती.
त्या दिवाळीचा जोड, सवलतीत मीच आणलेला.
म्हटलं, पाय इकडं कर जरा.
"कशाला?"
तिसऱ्या पाकळीवर अंगठा अडला.
"ते टोचतंय," ती म्हणाली,
"बावीस वर्षं सांगतेय मी तुम्हाला."